ग्रीसमधले शास्त्रीय वादक पोट कसं भरतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची नाशिकची. लग्न होऊन २००९ साली अथेन्सला आले. नवरा क्लॅरिनेट वाजवतो. तो कोर्फू बेटावरचा, ज्याला तिथले लोक केर्किरा म्हणतात. नाशिकला गेलं की आत्या, मामा, शाळेतल्या मैत्रिणी सगळे त्याच्या कामाबद्दल विचारतात. इथे येणारे मराठी पर्यटक आणि विद्यार्थीही विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच सगळी उत्तरं नीट लिहून काढते आहे. त्यात आमच्या घरातलं आहे आणि त्याच्याबरोबर वाजवणाऱ्या माणसांकडून ऐकलेलंही आहे.

शास्त्रीय म्हणजे नेमकं कुठलं संगीत? बुझुकी का?

नाही. बुझुकी हे तंतुवाद्य रेबेतिको, म्हणजे ग्रीक शहरी लोकगीतं, आणि लोकप्रिय ग्रीक गाण्यांचं. मी बोलते आहे ते मोत्झार्ट, बेथोव्हन, ब्राम्स यांच्या संगीताबद्दल, म्हणजे पाश्चात्त्य अभिजात संगीताबद्दल. ग्रीसमध्ये त्याच्या शेजारी चर्चमधलं बायझंटाइन गायन आहे, डोंगराळ भागातलं लोकसंगीत आहे, थिओदोराकिस आणि हाजिदाकिस या संगीतकारांची घराघरात पोचलेली गाणी आहेत. यातलं प्रत्येक संगीत वेगळ्या बाजारात चालतं आणि प्रत्येकाचे पैसे वेगळ्या वाटेने येतात.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की हिंदी गाण्यांचा कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो, म्हणून इथे मी वाद्यवृंद हाच शब्द वापरते. क्लॅरिनेट म्हटलं तर आमच्या गल्लीत पहिला प्रश्न आला होता, ‘म्हणजे लग्नाच्या बँडमधलं का?’ वाद्य तेच, बरोबर आहे. लग्नाचा विषय पुढे येतोच.

ते ठीक, पण तो नोकरी काय करतो?

हा प्रश्न ग्रीसमध्येही विचारतात, अगदी याच शब्दांत. बँकेत विचारतात, घरमालक विचारतो. वाजवतो म्हटलं की, ‘छान! आणि काम?’ मला या एका प्रश्नातच सगळी गोष्ट दिसते. ग्रीक माणसाला संगीत मनापासून आवडतं. उन्हाळ्यात हेरोड आत्तिकसच्या प्राचीन दगडी नाट्यगृहात, अक्रोपोलिसच्या पायथ्याशी, सुमारे पाच हजार माणसं बसून ऐकत आली आहेत. पण वाजवणं हे काम आहे, त्याचे तास मोजायचे असतात, त्यावर विमा भरायचा असतो, हे अजून नीट रुजलेलं नाही.

माझा नवरा तीन गोष्टी करतो. एका खासगी संगीतशाळेत शिकवतो. मोठ्या वाद्यवृंदांना जास्तीचा वादक लागला की जातो. उन्हाळ्यात जे मिळेल ते वाजवतो. त्याच्या पिढीतल्या बहुतेकांचं असंच आहे.

सरकारी वाद्यवृंदात का लागत नाही?

जागा फार कमी आहेत, हे पहिलं कारण. अथेन्सचा सरकारी वाद्यवृंद १९४२ पासून सरकारी आहे, त्याची मुळं १८९३ पर्यंत जातात. थेस्सालोनिकीचा १९५९ साली सुरू झाला. राष्ट्रीय ऑपेराचा स्वतःचा वाद्यवृंद आहे आणि ग्रीक आकाशवाणी-दूरदर्शनचा, म्हणजे ईआरटीचा, एक आहे. याखेरीज नगरपालिकांचे आणि काही खासगी. देशाची लोकसंख्या सुमारे एक कोटी. एका वाद्यवृंदात क्लॅरिनेटवाले असतात तीन-चार, फार तर पाच. एक माणूस निवृत्त झाला तरच जागा निघते.

त्यात २०१० नंतरच्या कर्जसंकटाच्या काळात नियम आला की सरकारी खात्यात पाच माणसं गेली तर एकच भरायचा. शिक्षक, नर्स, कारकून, सगळ्यांना तो लागू होता. वाद्यवृंदाला तो फार क्रूरपणे लागतो. कार्यालयात चार कारकुनांचं काम तीन जण ओढतात. चार हॉर्नसाठी लिहिलेली सिंफनी तीन हॉर्नवर वाजत नाही. मग कार्यक्रमापुरती बाहेरची माणसं बोलवायची. त्यांना इथे ‘एक्ताक्तोस’ म्हणतात, म्हणजे नेहमीच्या यादीबाहेरचा. माझ्या नवऱ्याने एकाच खुर्चीवर एक्ताक्तोस म्हणून सात हंगाम काढले. शेजारी बसणारा कायमचा वादक आजारी पडला की त्याचा पगार चालू राहायचा. हा आजारी पडला तर त्या आठवड्याचे पैसे नाहीत आणि पुढच्या वेळी फोन येईल याची खात्रीही नाही. एकदा अंगात ताप असताना तो बेथोव्हनची ‘पास्टोरल’ सिंफनी वाजवून आला होता.

अखेर जागा निघाली तेव्हा त्याने परीक्षा दिली. पहिली फेरी पडद्याआड असते. वाजवणारा दिसू नये म्हणून मध्ये कापड. आधी मोत्झार्टच्या क्लॅरिनेट कॉन्चेर्तोचा पहिला भाग, मग वाद्यवृंदातले अवघड तुकडे: मेंडेलसोनचं स्केर्झो, ब्राम्सची तिसरी, कोदायचे गालांताचे नाच. सहा महिने आमच्या घरात हेच तुकडे रोज वाजत होते, मुलगी ते झोपेत गुणगुणायची. तो शेवटच्या फेरीपर्यंत गेला. जागा एक होती आणि ती दुसऱ्याला मिळाली. तो दुसरा उत्तम वाजवतो, हे नवरा स्वतः सांगतो. पण तशी पुढची जागा कधी निघेल, हे सांगता येत नाही.

पदवी आहे ना? मग शिक्षकाची नोकरी?

इथे गोष्ट गुंतागुंतीची आहे आणि मला स्वतःला ती समजायला वर्षं लागली.

ग्रीसमध्ये वाद्य शिकायचं ते ओदिओत. ओदिओ म्हणजे संगीतविद्यालय. सगळ्यात जुनं अथेन्सचं, १८७१ सालचं. प्रसिद्ध ऑपेरा गायिका मारिया कॅलस तिथेच एल्विरा दे इदाल्गो यांच्याकडे शिकली. सरकारी ओदिओ देशात एकच आहे, थेस्सालोनिकीला, १९१४ सालचं. बाकी खासगी. ती शिक्षण मंत्रालयाखाली येतच नाहीत, संस्कृती मंत्रालयाखाली येतात, आणि त्यांची नियमावली १९५७ च्या शाही हुकमातून आलेली आहे. देशातला राजा जाऊन पन्नास वर्षं झाली, हुकूम अजून चालू आहे.

मूल आठव्या वर्षी ओदिओत जातं आणि विशीत बाहेर पडतं. बारा-पंधरा वर्षं आई-बाप फी भरतात. शेवटी मंत्रालयाने नेमलेल्या परीक्षकांसमोर डिप्लोमाची मैफल होते, ‘आरिस्ता’ म्हणजे सर्वोत्कृष्ट असा शेरा मिळतो, घरचे रडतात, फुलं देतात. आणि तो कागद उच्च शिक्षणाच्या कुठल्याच पायरीवर बसत नाही. विद्यापीठांत संगीताचे विभाग आहेत, थेस्सालोनिकी, अथेन्स आणि कोर्फूला, पण वाद्यावर हात बसतो तो ओदिओत. त्यामुळे कित्येक जण दोन्ही करतात. ज्यांनी फक्त ओदिओ केलं, त्यांना शाळेत शिक्षक म्हणून घेतलं तरी विद्यापीठवाल्यांपेक्षा खालच्या गटात.

डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षांचा ८५ क्रमांकाचा अध्यादेश निघाला. त्यात कलाशाळांतून बाहेर पडलेल्यांना सरकारी नोकरीसाठी बारावी झालेल्यांच्या रांगेत बसवलं. २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत नाट्यशाळांतली मुलं, नर्तक, वादक रस्त्यावर उतरले, नाट्यगृहं ताब्यात घेतली. एका मोर्चात आम्हीही होतो. संसदेसमोरच्या सिंतग्मा चौकात एक मुलगी थंडीत हातमोजे काढून व्हायोलिन वाजवत होती, तिच्या गळ्यात पुठ्ठा होता: ‘मी सोळा वर्षं शिकले.’ पुढे दुसरं काही लिहिलं नव्हतं.

सरकारी संगीत शाळा असतात म्हणे?

असतात, आणि त्या या देशातल्या चांगल्या गोष्टींपैकी एक आहेत. पहिली १९८८ साली अथेन्सजवळच्या पल्लीनीला निघाली. सहावीनंतर प्रवेश, नेहमीच्या विषयांबरोबर संगीत. प्रत्येक मुलाला पियानो आणि तंबुरास, म्हणजे लांब मानेचं तंतुवाद्य, शिकावंच लागतं, शिवाय बायझंटाइन गायन. आमची मुलगी तिथे जाते आणि चेलो वाजवते. तंबुरास हे नाव ऐकून माझ्या आईला कोण आनंद झाला होता.

पण शिक्षक मोठ्या संख्येने हंगामी. सप्टेंबरमध्ये नेमणूक, जूनमध्ये संपते, उन्हाळ्यात बेकार भत्ता, पुन्हा सप्टेंबरमध्ये वाट पाहायची, आणि पुढचं गाव कुठलं ते माहीत नाही. नवऱ्याला एकदा एका बेटावर नेमणूक आली. सप्टेंबरमध्ये तिथे पर्यटकांचा हंगाम ऐन भरात असतो. जे घर मिळत होतं त्याचं भाडं पगाराएवढं होतं, तेही ‘मे महिन्यात रिकामं करा’ या अटीवर. नेमणूक सोडावी लागली.

एन्सिमा म्हणजे काय? इथले सगळे वादक त्याबद्दलच बोलतात.

खरं आहे. दोन वादक भेटले की रीडबद्दल, म्हणजे वाद्याच्या तोंडाशी लावायच्या पत्तीबद्दल बोलतील, नाहीतर एन्सिमाबद्दल.

एन्सिमो (अनेकवचन एन्सिमा) म्हणजे मूळचा विम्याचा शिक्का. पूर्वी खरोखर तिकिटासारखा वहीत चिकटवत, आता नोंद संगणकावर होते. कामाचा एक दिवस म्हणजे एक एन्सिमो. वर्षाचे तीनशे भरले की विम्याचं एक वर्ष. पेन्शनला पात्र व्हायला किमान ४५०० लागतात, म्हणजे पंधरा पूर्ण वर्षं. आजारपणाचा विमा, बेकार भत्ता, बाळंतपणाची रजा, सगळं यावर अवलंबून.

आता वादकाचा दिवस पाहा. घरी तीन तास रियाज, मोजला जात नाही. पाच रिहर्सली आणि एक कार्यक्रम असा आठवडा असेल तर संयोजक कधी सहा दिवस लावतो, कधी फक्त कार्यक्रमाचा एक. ओदिओत आठवड्याला बारा तास शिकवलं तर त्याचे जेमतेम दोन-तीन दिवस होतात. कित्येक ठिकाणी काहीच लावत नाहीत, हातावर पाकीट ठेवतात. अठ्ठावीस वर्षं वाजवल्यावर नवऱ्याने हिशेब काढला तेव्हा त्याच्या नावावर एकोणीसशेच्या आसपास एन्सिमा निघाले. तो बराच वेळ त्या पानाकडे बघत बसला होता. त्या रात्री त्याने वाद्याची पेटी उघडली नाही, आणि असं मी तोवर पाहिलं नव्हतं.

दुसरा रस्ता म्हणजे ब्लोकाकी, पावतीपुस्तक. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून नोंदणी करायची आणि पावत्या फाडायच्या. मग विम्याचा हप्ता स्वतः भरायचा. सगळ्यात खालचा टप्पासुद्धा महिन्याला दोनशे युरोंच्या वर, काम मिळो न मिळो. पावतीवर २० टक्के कर आधीच कापून येतो. त्यात डिसेंबर २०२३ च्या कायद्याने ठरलं की स्वतंत्र व्यावसायिकाचं वार्षिक उत्पन्न किमान वेतनाएवढं, त्या वर्षी १०,९२० युरो, आहे असं धरूनच कर लावायचा. कायदा कर चुकवणाऱ्यांसाठी होता. सवलती आहेत, नवोदितांना पहिली वर्षं सूट आहे. पण जो खरोखरच वर्षाला सात हजार कमावतो त्याला, आपण कमी कमावतो हे सिद्ध करत बसावं लागतं.

संयोजकांची बाजूही मी पाहिली आहे. छोटा महोत्सव भरवणाऱ्या एका बाईंनी मला कागद दाखवला: वादकाच्या हातात शंभर युरो पडावेत म्हणून त्यांना किती भरावे लागतात. सगळे लबाड नसतात. पण शेवटी पोकळी पडते ती वादकाच्याच वहीत.

महिन्याला किती मिळतात?

दर महिन्याला वेगळे. एप्रिल २०२५ मध्ये ग्रीसमधलं किमान वेतन महिन्याला ८८० युरो झालं, कर-विमा कापण्याआधी, आणि खासगी नोकरीत वर्षाचे १४ पगार मिळतात. हे मोजमाप डोक्यात ठेवा. नवऱ्याला ओदिओत तासाला ८ युरो मिळतात. एक्ताक्तोस म्हणून आठवडा मिळाला तर हातात साधारण साडेतीनशे. ऑक्टोबर ते मे ठीक चालतं. जूनच्या परीक्षा संपल्या की ओदिओ बंद, आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत तिथून एक युरो नाही. आमचं घर चालतं त्यात माझा पगार आहे, मी एका जहाज कंपनीत हिशेब बघते. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण ‘कलेवर जगतात’ असं ऐकून लोकांना भलतंच वाटतं. बऱ्याच वादकांच्या घरी असा दुसरा पगार असतो.

खर्चही धरा. सिंफनीसाठी क्लॅरिनेट दोन लागतात, बी फ्लॅट आणि ए. चांगली जोडी घ्यायची तर जुनी मोटार येईल एवढी किंमत, वर २४ टक्के व्हॅट. रीड म्हणजे वेताची पातळ पत्ती. दहाच्या खोक्यात कार्यक्रमाला चालतील अशा दोन-तीनच निघतात. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्या घासतो, उजेडाकडे धरून बघतो, ओठांना लावतो, पुन्हा घासतो. नाकारलेल्या मुलगी घेते आणि झाडांच्या कुंड्यांत नावाच्या पाट्या म्हणून खोचते.

पैसे वेळेवर तरी मिळतात का?

मोठ्या संस्थांकडून हल्ली बहुधा मिळतात. लहान ठिकाणी नाही. एका नगरपालिकेच्या उन्हाळी कार्यक्रमाचे पैसे चौदा महिन्यांनी आले. तोवर महापौर बदलले होते आणि नवीन माणसांना कार्यक्रम झाल्याचाच पत्ता नव्हता. नवऱ्याने छापील पत्रिका नेऊन दाखवली, त्यावर त्याचं नाव होतं, म्हणून बरं.

चर्चमध्ये वाजवून नाही का मिळत? गोव्यात तर किती वादक चर्चमधून तयार झाले.

फार चांगला प्रश्न, आणि माझ्या मते ग्रीसचं निम्मं उत्तर इथेच आहे. ऑर्थोडॉक्स उपासनेत वाद्य नसतं. फक्त मानवी आवाज. ऑर्गन नाही, व्हायोलिन नाही. जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये गावोगावी चर्चला ऑर्गनवादक लागतो, नाताळ-ईस्टरला छोटा वाद्यवृंद लागतो. त्या आधारावर तिथली शेकडो घरं उभी राहिली. इथे चर्चमध्ये पसाल्तिस, म्हणजे गायक असतो, आणि तो बायझंटाइन परंपरेचा. मोत्झार्ट शिकलेल्या माणसाला तिथे जागा नाही.

गोव्यात पोर्तुगीज काळात गावच्या चर्चच्या शाळेत पोरांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवलं जाई. त्यातूनच पुढे मुंबईच्या सिनेमा स्टुडिओंत गोव्याचे व्हायोलिनवादक, ट्रंपेटवाले, अरेंजर भरले. पोर्तुगाल कॅथलिक, म्हणून ते झालं. ग्रीसमध्ये तशी वाट फक्त एका भागात फुटली, आयोनियन बेटांवर, आणि तीही चर्चपेक्षा बँडमधून.

म्हणजे कोर्फू?

हो. ही बेटं शतकानुशतकं व्हेनिसच्या ताब्यात होती. कोर्फूच्या सान जाकोमो नाट्यगृहात १७३३ पासून ऑपेरा होत होता, तेव्हा अथेन्स ऑटोमन साम्राज्यातलं एक लहान गाव होतं. पुढे इंग्रज आले. त्यांनी आपल्या लष्करी बँडला ग्रामदैवत संत स्पिरिडॉनच्या मिरवणुकीत वाजवायला मनाई केली, तेव्हा गावकऱ्यांनी १८४० मध्ये स्वतःचा बँड काढला. फिलार्मोनिकी म्हणतात त्याला. त्याचे पहिले संगीत दिग्दर्शक निकोलाओस मांझारोस, ज्यांनी ग्रीसच्या राष्ट्रगीताला चाल दिली.

आज बेटावर गावोगावी फिलार्मोनिकी आहे आणि तिथे शिक्षण फुकट. वाद्यही मंडळच देतं. माझे सासरे सुतार. त्यांना ओदिओची फी परवडली नसती. मुलगा सात वर्षांचा झाला तेव्हा ते त्याला हाताला धरून मंडळात घेऊन गेले. मास्तरांनी त्याचे दात आणि बोटं पाहिली आणि क्लॅरिनेट दिलं. ग्रीक वाद्यवृंदांत फुंकून वाजवायच्या वाद्यांमागे इतके कोर्फूचे लोक का दिसतात, त्याचं कारण हे. माझं मत विचाराल तर ग्रीसमध्ये संगीत शिक्षणाची याहून न्यायी व्यवस्था मी पाहिलेली नाही. तिथे गरिबाचं पोर शिकतं. पुढे पोट भरेल याची सोय मात्र बेटावर नाही. पोरं शिकतात आणि बोटीत बसतात.

लग्नात वाजवत नाही का मग?

वाजवतो. अथेन्सच्या हॉटेलांत परदेशी जोडप्यांची लग्नं होतात, बेटांवर तर फारच. चार जण मिळून समुद्राकडे तोंड करून पाखेलबेल या जुन्या जर्मन संगीतकाराची रचना वाजवायची. पैसे बरे मिळतात. ऑगस्टच्या उन्हात वाद्याचं लाकूड तडकण्याची भीती असते, म्हणून तो त्या कामांना प्लॅस्टिकचं जुनं क्लॅरिनेट नेतो.

ग्रीक लोकांच्या स्वतःच्या सणांना, पानिगिरीला, मात्र त्याला कोणी बोलवत नाही, आणि तेही बरोबर आहे. वायव्य ग्रीसमधल्या एपिरसच्या डोंगरात क्लॅरिनेट हेच मुख्य वाद्य. १५ ऑगस्टला गावाच्या चौकात रात्रभर नाच चालतो. एकदा आम्ही गेलो होतो. वादक साठीचा, ओदिओची पायरी न चढलेला. सुरुवात मिरोलोईने केली, म्हणजे विलापाने. सूर इतका खाली ओढून आणायचा की माझ्या अंगावर काटा आला, मला सनई आठवली. नाचाच्या रांगेत पुढे असणारा आपल्या आवडीचं गाणं सांगतो आणि वादकाला नोटा देतो. त्याला हार्तूरा म्हणतात. नवरा पहाटे चारपर्यंत त्या वादकाच्या बोटांकडे बघत उभा होता. परतताना म्हणाला, ‘हे मला येत नाही, आणि आता येणारही नाही.’ तो एक वेगळाच रियाज आहे, लहानपणापासूनचा.

काही शास्त्रीय वादक, विशेषतः व्हायोलिन-चेलोवाले, लोकप्रिय गायकांच्या दौऱ्यांत साथ करतात. त्यात कमीपणा मानणारे आता फार उरले नाहीत.

२०१० च्या कर्जसंकटात काय झालं?

मी येऊन वर्षही झालं नव्हतं. मे २०१० मध्ये पहिलं कर्जपॅकेज आलं. सरकारी वादकांचे पगार कापले गेले, तेरावा-चौदावा पगार आधी छाटला आणि मग गेलाच. किमान वेतन २०१२ मध्ये ७५१ वरून ५८६ युरोवर आणलं. पालकांनी पहिली काट मारली ती मुलांच्या ओदिओच्या फीवर, ते साहजिकच होतं. नवऱ्याचे एकोणीस विद्यार्थी होते, दोन वर्षांत सहा राहिले. हाजिदाकिस यांनी १९८९ साली उभा केलेला ‘रंगांचा वाद्यवृंद’ याच काळात बंद पडला.

आणि ११ जून २०१३. संध्याकाळी सरकारने जाहीर केलं आणि त्याच रात्री ईआरटीचा पडदा काळा झाला. सुमारे २६५० माणसं एका झटक्यात बेकार, त्यात १९३८ पासून चालत आलेला राष्ट्रीय सिंफनी वाद्यवृंद आणि गायकवृंद. पण लोक इमारत सोडून गेले नाहीत. अथेन्सच्या आइया पारास्केवी उपनगरातल्या त्या आवारात रोज गर्दी जमायची. तिथे वाद्यवृंदाने केलेल्या कार्यक्रमाची चित्रफीत जगभर पाहिली गेली. एल्गारचं ‘निमरॉड’ चालू आहे आणि गाणाऱ्या बायका रडताहेत. वाजवणाऱ्याला रडता येत नाही, श्वास तुटतो. नवऱ्याचा मित्र त्यात होता. दोन वर्षांनी, ११ जून २०१५ ला, ईआरटी पुन्हा सुरू झाली, वाद्यवृंदही परतला. मधल्या काळात तो मित्र जर्मनीला गेला होता, तो परतला नाही.

आणि करोनात?

मार्च २०२० मध्ये सगळं बंद. सरकारने महिना ५३४ युरोंची मदत दिली, पण ती मिळायला नोंद हवी, आणि नोंद म्हणजे पुन्हा एन्सिमा. ज्यांनी वर्षानुवर्षं पाकिटातून पैसे घेतले, ते कागदावर वादकच नव्हते. मे महिन्यात कलाकारांनी ‘सपोर्ट आर्ट वर्कर्स’ नावाने चळवळ केली. त्यातला ‘वर्कर’ हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. त्यानंतर कलाकारांची सरकारी नोंदवही निघाली. एवढी वर्षं ती नव्हती.

पण ग्रीसने इतके मोठे कलाकार दिले. मग?

दिले, आणि बहुतेक बाहेर मोठे झाले. कॅलस १९४५ ला अमेरिकेला गेली. वाद्यवृंद-संचालक दिमित्री मित्रोपूलोस १८९६ साली अथेन्समध्ये जन्मले, अमेरिकेत जाऊन न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीत दिग्दर्शक झाले. संगीतकार झेनाकिस पॅरिसला. व्हायोलिनवादक लिओनिदास कावाकोस जगभर वाजवतात.

मला मात्र परत आलेल्याची गोष्ट जास्त सांगाविशी वाटते. संगीतकार निकोस स्काल्कोतास, १९०४ साली हाल्किदा इथे जन्म. बर्लिनमध्ये शोनबर्ग या नामवंत संगीतकाराकडे शिकले. १९३३ मध्ये अथेन्सला परतले आणि उरलेलं सगळं आयुष्य इथल्या वाद्यवृंदांत मागच्या बाकावर व्हायोलिन वाजवून काढलं. दिवसा नोकरी, रात्री लेखन. कॉन्चेर्तो, सुइट, ग्रीक नाच, ढीगभर रचना, त्यातल्या बहुतेक त्यांना कधी ऐकायला मिळाल्या नाहीत. १९४९ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी, हर्नियाकडे दुर्लक्ष झाल्याने गेले. आज त्यांची गणना विसाव्या शतकातल्या महत्त्वाच्या संगीतकारांत होते. मागच्या बाकावर कोण बसलंय, हे इथल्या प्रत्येक वादकाला स्काल्कोतासमुळे माहीत असतं.

जर्मनीला का जात नाही?

युरोपीय संघात व्हिसा लागत नाही, आणि जर्मनीत सरकारी पैशावर चालणारे सव्वाशेहून अधिक वाद्यवृंद आहेत. तरुण जातात, जावंच. आम्ही २०१४ मध्ये ठरवलं होतं. मग सासऱ्यांना पक्षाघात झाला. नंतर मुलगी शाळेत जायला लागली, आणि चाळिशीतल्या क्लॅरिनेटवाल्याला परीक्षेला बोलावणंच येत नाही.

नव्या मोठ्या वास्तू झाल्या आहेत ना?

झाल्या. मेगारोन हे अथेन्समधलं मोठं संगीतसभागृह १९९१ मध्ये उघडलं. राष्ट्रीय ऑपेरा २०१७ मध्ये अथेन्सच्या किनाऱ्याशी, फालिरोजवळच्या निआर्खोस सांस्कृतिक केंद्रात गेला. इटालियन वास्तुविशारद रेंझो पियानो यांनी आखलेली वास्तू, चौदाशे आसनांचं सभागृह, आणि निआर्खोस प्रतिष्ठानने ऑपेराला दोन कोटी युरोंचं अनुदानही दिलं. आवाज अप्रतिम लागतो. काम वाढलं, एक्ताक्तोसना बोलावणीही वाढली. पण दानशूरांच्या पैशाची मुदत असते, आणि कायमच्या खुर्च्या त्या प्रमाणात वाढत नाहीत.

घरी रियाजाला शेजारी काही म्हणत नाहीत?

कायदाच आहे. उन्हाळ्यात दुपारी ३ ते साडेपाच शांतता, रात्री ११ नंतरही. आम्ही अथेन्सच्या किप्सेली वस्तीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. खालच्या आजी दुपारी बरोबर साडेपाचला खिडकी उघडतात. सुरुवातीला मला वाटलं, तक्रारीसाठी. त्या ऐकायला उघडतात.

मुलीलाही याच क्षेत्रात घालणार का?

ती ठरवेल. तिचा बाबा तिला एकच सांगतो, की कुठेही वाजवलंस, शाळेच्या सुट्टीतला एक कार्यक्रम असला तरी, आधी विचार: एन्सिमो लावणार का? तिने गेल्या उन्हाळ्यात एका युवा वाद्यवृंदात विचारलंही. संयोजक गोंधळला.

आम्ही ग्रीसला आलो तर कुठे ऐकावं?

ईस्टरला कोर्फूला या. गुड फ्रायडेच्या संध्याकाळी बँड मिरवणुकीत संथ शोकसंगीत वाजवत जातात, अल्बिनोनी, व्हर्दी, शोपें, आणि शनिवारी सकाळी संत स्पिरिडॉनची मिरवणूक. ऑर्थोडॉक्स ईस्टरची तारीख वेगळी असते, तिकीट काढण्याआधी पाहा. अथेन्समध्ये हिवाळ्यात सरकारी वाद्यवृंदाची तिकिटं सिनेमापेक्षा फार महाग नसतात. कार्यक्रम झाल्यावर मागच्या दाराशी थांबा, वादक तिथूनच बाहेर पडतात, पेट्या पाठीला लावून, शेवटची मेट्रो पकडायच्या घाईत. नमस्कार केलात तर थांबतील. नवरा ‘नमस्कार’ला मराठीतच उत्तर देतो, आणि कुठे जेवायचं तेही सांगतो.